उघड्या खिडकीचे डॉक्टर

हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच, तर आधीच सांगते, माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या ताब्यात नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर हातात पेन आलं ते दवाखान्यात, केसपेपरवर नाव आणि वय घालण्यापुरतं. वेलांटी चुकली असेल तिथं वाचणाऱ्यानं मनातल्या मनात नीट करून घ्यावी, मला हसू नये.

नातवाला खोकला झालाय. सांगलीत पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. सुनेनं घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी उठून एक उघडली. ती म्हणाली, "आत्या, गारठा येतोय." मी म्हणाले, "येऊ दे." जास्त बोलायची मला सवय नाही. पण तिथंच उभी राहिले आणि भूपाल डॉक्टर आठवले. डॉक्टर फाल्गुनात गेले. झोपेत गेले, काही त्रास झाला नाही, असं त्यांच्या बायकोनं, वैनींनी, फोनवर सांगितलं. तेव्हापासून मनात होतं, त्यांच्याबद्दल आठवेल ते लिहून ठेवावं.

आमचं गाव साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला आहे. नाव लिहीत नाही, लहान गाव आहे, लगेच ओळखतील. पाऊस असा की ज्येष्ठात वाळत घातलेली गोधडी भाद्रपदात वाळायची. तिथं एसटी स्टँडच्या मागं डॉक्टरांचा दवाखाना होता. मी झाडलोट करायची, सुया-चिमटे उकळायची आणि पेशंटचे नंबर पुकारायची. पुकारायची म्हणजे नावाला. माझा आवाजच फुटत नसे. बाकावरची माणसं "काय म्हणाली? काय म्हणाली?" करत एकमेकांना विचारायची. शेवटी डॉक्टरांनी कुठून तरी पूजेची घंटी आणून दिली. म्हणाले, "शालन, तू बोलू नको. वाजव." मग काय, घंटी वाजली की पेशंट हात जोडूनच आत यायचे. डॉक्टरही हात जोडायचे आणि म्हणायचे, "प्रसाद कडू हाय, पर घ्या."

उंच, वाळका माणूस. कान पुढं आलेले. वैनी म्हणायच्या, त्या कानांमुळं त्यांना छातीला लावायच्या नळीची गरजच नाही. थंडी असो, पाऊस असो, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा. जैन असल्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम होता. ऊन कललं की नळी खुंटीला लागायची. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "चार घास खाऊन येतो. तुमचा ताप कुठं पळून जात न्हाई." पण एखादा पेशंट खरंच वाईट असला, तर मात्र जेवण राहायचं. मग रात्री पाणीसुद्धा घेत नसत. दुसऱ्या दिवशी वैनी मला सांगायच्या, "काल कुणाचा तरी ताप आमच्या भाकरीवर पडला गं."

आणि खिडक्या. पावसाळ्यात सारं गाव दारं-खिडक्या लावून चुलीभोवती गोळा झालेलं असे. माणसं, वासरं, ओली कापडं, सगळं एका खोलीत. आणि डॉक्टरांच्या दवाखान्याच्या खिडक्या सताड उघड्या. पाऊस आत यायचा, टेबल भिजायचं, मी फडकं घेऊन पुसत राहायची. पेशंटना आत गर्दी करून बसू द्यायचे नाहीत. बाक बाहेर पडवीत, आणि बाकावर दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडायची. उघडी खिडकी, अंतर, हे सगळ्या जगाला कळलं ते पुष्कळ नंतर, कोरोनात. तेव्हा आमच्या गावात लोक डॉक्टरांना हसायचे. पोरं 'खिडकी डॉक्टर' म्हणायची.

एकदा दामूअण्णा नावाचे एक म्हातारे, अंगावर घोंगडं घेऊन कुडकुडत आले. मिलिटरीतून आलेले, आवाज मोठा.

"आवं डॉक्टर, तापल्या माणसाला वाऱ्यात बशीवता व्हय?"

"वाऱ्यानं काय व्हत न्हाई, अण्णा. शेजारच्याच्या खोकल्यानं व्हतंय."

"मग त्या शेजारच्याला हाकला की!"

"त्यो म्हणतोय, तुमाला हाकला."

दोघंही बाकावर तसेच बसून राहिले, मध्ये जागा सोडून, एकमेकांकडं न बघता.

डॉक्टरांचं म्हणणं असं होतं की आमच्या गावात फ्लूची साथ गिरणीतून सुरू होते. पावसात गिरणी ही गावातली एकच कोरडी, उबदार जागा. बायका दळणाचे डबे घेऊन जायच्या आणि आपलं पीठ पडेपर्यंत तिथंच दाटीवाटीनं उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी गिरणीवाल्याला समजावलं, डबे ठेवून घे, बायकांना घरी पाठव, पीठ झालं की नेतील. गिरणीवाला तयार झाला. आमच्या गावच्या बायका तयार होतात काय? आपला डबा सोडून जायचं म्हणजे शाळूच्या पिठात कुणाची तरी बाजरी येणार, उपासाच्या पिठाला गव्हाचा हात लागणार, आणि गिरणीवाला ओंजळभर काढून घेणार ते वेगळंच. डॉक्टर स्वतः गिरणीच्या दारात छत्री घेऊन उभे राहिले. एक आजी त्यांना म्हणाली, "तुमी दवा वाटता, आमी कवा तुमच्या बाटलीत बघतो का? मग आमच्या डब्यात का बघता?" डॉक्टर छत्री मिटून परत आले. मला म्हणाले, "शालन, आज हरलो." पुढच्याच आठवड्यात अर्धी गिरणी आमच्या बाकावर होती.

साथ यायची ती अशी, एकदम. पाऊस लागून राहिला, हवा गच्च ओली झाली की एका आठवड्यात सगळं गाव खोकत असायचं. शाळा, बँक, कीर्तन, सगळीकडं खो खो. बाक पुरायचा नाही, लोक पायरीवर बसायचे. आणि जशी यायची तशी जायची. पोळ्याच्या आधी एखाद्या सकाळी मी झाडून बाहेर यावं, तर बाक रिकामा. डॉक्टर त्या रिकाम्या बाकाकडं बघत उभे राहायचे आणि त्यांचा चेहरा पोरासारखा व्हायचा. कारण बाक रिकामा झाला म्हणजे वैनींना बोलवायचं.

आता वैनींचं सांगायला पाहिजे. त्रिशलावैनी ठेंगण्या, सावळ्या, हसल्या की स्टँडपर्यंत ऐकू जाई असं हसणं. पण छातीनं अधू. लहानपणी न्यूमोनिया होऊन एक फुप्फुस कायमचं खराब झालेलं. लग्नानंतर दोनदा साथीत सापडल्या आणि दोन्ही वेळा मरता मरता वाचल्या. डॉक्टर दर वर्षी त्यांना लस टोचायचे. वैनी दंड पुढं करून म्हणायच्या, "लोकांचे नवरे बांगड्या भरत्यात, माझा सुई भरतो." पण डॉक्टरांचा नुसत्या लसीवर भरवसा नव्हता. दिवसभर खोकणाऱ्यांच्या तोंडासमोर बसून तेच संध्याकाळी घरी जाणार, म्हणजे रोग घरी नेणारे तेच. म्हणून साथीची चाहूल लागली की वैनींना कवठे महांकाळला, त्यांच्या अक्काकडं पाठवायचं, असा त्या घरचा रिवाजच पडला होता. तो कोरडा मुलूख. आमच्याकडं छत्री मिटत नसायची, तेव्हा तिथली माणसं ढगाकडं तोंड करून बसलेली असायची. अक्काचं घर मळ्यात, गावापासून लांब.

वैनींना जायचं नसे. एसटीत बसवताना मी पिशवी धरून उभी असायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"चातुर्मासात मुनीम्हाराज सुदिक एका गावात बसत्यात. मलाच तेवढा विहार."

"महिन्याभराचा तर प्रश्न हाय."

"दर साली महिना. माझे पावसाळे तुमच्याकडं बाकी ऱ्हायले बरं का. फेडा कवातरी."

"फेडतो."

"कवा?"

तोवर कंडक्टरनं घंटी मारलेली असे. डॉक्टर खिडकीला हात लावून गाडीबरोबर चार पावलं चालायचे. मग बाक रिकामा झाला की फोन जायचा, आणि वैनी पिशवीभर बेदाणे घेऊन परत यायच्या. त्या मुलखात द्राक्षं पिकतात. मग आठवडाभर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पोराच्या मुठीत डॉक्टर बेदाणे घालायचे. गावातली पोरं खिडकी डॉक्टरला हसायची, पण बेदाण्यांची वाट बघायची.

पुढं वैनींना डोंगरातला ओलावाच सोसेना. डॉक्टरांनी ठरवलं, सांगलीला जायचं. तिथं पाऊस कमी, हवा कोरडी, सगळं बरोबर वाटलं. मला म्हणाले, "आता तिला कुठं पाठवायचं काम न्हाई. तिथं साथीचा जोरच नसणार." आमचे मालक मिलिटरीतून रिटायर होऊन विश्रामबागेत एका कॉलेजवर वॉचमन लागले होते, म्हणून आम्हीही सांगलीतच आलो. डॉक्टरांनी विश्रामबागेत दवाखाना घातला आणि मला बोलावून घेतलं. बाक तोच आणला होता. घंटीही तीच.

पहिल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी खबरदारी म्हणून वैनींना धाडलंच. वैनी म्हणाल्या, "हे शेवटचं." साथ आली, पण आमच्या गावासारखी नाही. दिवसाला थोडे थोडे पेशंट. बाक कधी भरून वाहिला नाही. डॉक्टर खूश. म्हणाले, "बघितलं? म्हटलो न्हवतो?"

मग पोळा झाला. गणपती झाले. बाक रिकामा होईना. गर्दी नाही, पण दोघं-तिघं खोकणारे रोज आहेतच. दसरा झाला, कडक ऊन पडलं, तरी आहेतच. एक हॉस्टेलचा मुलगा, एक बँकेतली बाई, एक हळदीच्या गोदामातला हमाल. आज हे, उद्या दुसरे. दिवाळीला वैनी अक्काकडंच राहिल्या. डॉक्टर एक दिवस जाऊन आले, तेही अंगणात बसून. दुपारी दवाखान्यातून फोन लावायचे, मी फरशी पुसत असायची. वैनींचा आवाज मोठा, फोनमधून बाहेर यायचा.

"खोकतंय का तुमचं गाव?"

"खोकतंय."

"लय का थोडं?"

"थोडंच. पर थांबंना झालंय."

"मग आपल्या डोंगरातलं बरं हुतं की! एकदा काय ते खोकून मोकळं व्हायचं."

डॉक्टरांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, म्हणजे मलाच असं नाही, खोलीला म्हणाले, "मी निस्ती हवा बघितली गं शालन. गावाचा आकार बघितलाच न्हाई." मला काही कळलं नाही. मी फडकं हातात घेऊन तशीच उभी. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. उसाचा पाला पेटवला की कसा भर्रकन पेटतो आणि भर्रकन विझतो, तसं आपलं डोंगरातलं गाव. ओली हवा आली की काडी लागते, मूठभर माणसं, सगळी एकदम आजारी पडतात, सगळी बरी होतात, रोगाला नवीन माणूस शिल्लकच राहत नाही. सांगली म्हणजे गोवऱ्यांची रास. वरून धूर थोडाच दिसतो, पण आत विस्तव फिरत असतो. एक आळी बरी झाली की दुसरी आहे, दुसरी झाली की हॉस्टेलला नवी पोरं आली, बाजाराला नवी माणसं आली. "तिथं त्याला पाऊस लागायचा," डॉक्टर म्हणाले. "हितं निस्ती माणसं पुरत्यात."

मी विचारलं, "मग वैनी?"

 त्यांनी उठून खिडकी पुरती उघडी आहे का ते बघितलं. ती उघडीच होती.

माघ संपत आला तेव्हा दवाखान्यासमोरचा रस्ता पाइप टाकायला उकरला. एवढा खोल चर की पलीकडच्या माणसाला अलीकडं यायचं तर उडी मारायला लागावी. आजारी माणूस कसली उडी मारतोय? पेशंट दुसऱ्या दवाखान्यांकडं वळले. दोन-तीन दिवस बाकावर कुणीच नाही. तिसऱ्या सकाळी मी बाहेर आले तर डॉक्टर त्या रिकाम्या बाकासमोर उभे, आणि चेहरा तसाच, डोंगरातल्यासारखा.

मी म्हणाले, "डॉक्टर, रस्ता उकरलाय की."

"व्हय गं. पर एक खोकला ऐकू येत न्हाई."

त्यांना कळत नव्हतं असं नाही. सगळ्या जगाला खिडकी उघडी ठेवा म्हणून सांगणारा माणूस. पण आठ महिने घरी एकट्यानं ऊन असताना जेवायचं आणि मग अंधार पडेपर्यंत भिंतीकडं बघत बसायचं, त्यालाही काही मर्यादा असते. त्यांनी फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "ये."

वैनी दुसऱ्याच दिवशी आल्या. चर ओलांडायला दोन मजुरांनी फळी टाकली, त्या फळीवरून बेदाण्यांची पिशवी डोक्यावर घेऊन, हसत. ते तीन-चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दवाखान्यात पेशंट नाहीत, आणि दोघं पडवीत ज्वारीची धपाटी खात बसलेत. वैनी बाकावर बसून म्हणायच्या, "बाक मोकळा ठिवायचा न्हाई, डॉक्टरच्या धंद्याला वंगाळ." डॉक्टर आमच्या मालकांना म्हणाले, "हवालदार, खड्डा जरा सावकाश बुजवायला सांगा की त्यांना." मालकांनी सलाम ठोकला.

खड्डा एका रात्रीत बुजवला. सकाळी थांबलेले सगळे पेशंट एकदम आले. वैनी बाकावरच होत्या, पोरांना बेदाणे वाटत. डॉक्टर आतून बाहेर आले, त्यांनी बाक बघितला, वैनींना बघितलं, आणि माझ्या हातातली घंटी तशीच राहिली. "त्रिशला, आत जा," असं ते म्हणाले तेवढ्यात एका पोरानं मूठ उघडून बेदाणा तोंडात टाकला आणि वैनींच्या मांडीवर खोकलं.

वैनींना मोठ्या दवाखान्यात ठेवायला लागलं. नाकातोंडावर ऑक्सिजन. मी डबा घेऊन जायची. डॉक्टर बाहेरच्या बाकड्यावर बसलेले असत. तिथं एसी होता, म्हणून नर्स येऊन खिडकी लावून गेली.  बंद खिडकीखाली गप्प बसलेले डॉक्टर मी तेवढेच बघितले. डबा उघडलाच नाही. ऊन गेलं, मी डबा तसाच परत आणला. दुसऱ्या दिवशीही तेच.

वैनींना जरा उतार पडला तेव्हा मी आतच होते. त्यांनी नळी बाजूला सरकवली.

"आता परत अक्काकडं धाडणार?"

"धाडणार."

"आन तुमी?"

"मी पन येतो."

वैनी हसायला लागल्या आणि हसता हसता खोकल्या, आणि नर्स आम्हाला रागावली.

दवाखाना बंद करायचा म्हटल्यावर लोक आले. कुणी रडलं, कुणी रागावलं. बँकेतली बाई म्हणाली, "डॉक्टर, आमचं कसं होणार?" डॉक्टर म्हणाले, "सांगलीत डॉक्टर पुष्कळ हाईत, बाई. तिला नवरा एकच हाय." घंटी ते मला देत होते. मी घेतली नाही. "तिथं लागंल," एवढंच मी म्हणाले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले, गेल्या श्रावणात. एसटीनं कवठे महांकाळला उतरले, तिथून मळ्यापर्यंत चालत. ढग होते, पाऊस नव्हता. अक्काच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली टेबल, खुर्ची, आणि तोच बाक. डॉक्टर तिथं पेशंट तपासत होते. त्या गावातही फ्लू येतो, पण गाव लहान, येतो तसा जातो. तेवढे आठवडे डॉक्टर गोठ्याशेजारच्या खोलीत झोपायचे, घरात पाऊल टाकायचे नाहीत. आणि घराला झाडाच्या बाजूनं नवीन खिडकी काढली होती. एवढी मोठी की मी बघतच राहिले. वैनी आतून म्हणाल्या, "गवंडी बी इचारत हुता, ही खिडकी हाय का दार? तर हे म्हणले, दार असतं तर मी आत गेलो असतो."

घंटी वैनींच्या हातात होती. पेशंट बाहेर आणि पुकारणारी आत. त्यांचा आवाज एवढा मोठा, त्यांना घंटीची काय गरज? पण वाजवायच्या. मला म्हणाल्या, "तुझी नोकरी पळवली बघ शालन."

ऊन कललं. शेवटचा पेशंट गेला. डॉक्टरांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, तोंड बांधलं, खुर्ची खिडकीपासून दोन हात लांब ओढून बसले. वैनींनी त्यांचं ताट खिडकीत ठेवलं आणि मागं सरकल्या. मग डॉक्टरांनी उठून ताट घेतलं, परत लांब बसून तोंडावरचं फडकं सोडलं. दोघं जेवायला लागले, त्या आत, ते बाहेर, समोरासमोर. मी पायरीवर भाकरी घेऊन बसले होते.  भुईमुगाच्या रानावरून वारा येत होता, खिडकीतून आत जात होता.

मध्येच डॉक्टर म्हणाले, "काय गं, फिटले का पावसाळे?"

वैनींनी घास मोडला. जरा वेळ आभाळाकडं बघितलं, हिशेब लावत असल्यासारखं.

"फिटले की कवाच," त्या म्हणाल्या. "आता चाललंय ते वरचं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि दिवस मावळायच्या आत शेवटचा घास खाऊन घेतला.